तिसरा ओटा

“साहेब, ह्या बठ्ठा दारू पियेल व्हतात, आसं लिखी टाकूत,” समोरच्या सगळ्या डोलीवाल्यांकडे बोट करून जमादार म्हणाला. “मंग काही कटकट नही.”

आम्ही घाटाच्या पायथ्याच्या गावात, पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसलो होतो. अंगणात सेगा कांबळ्याखाली होता. पंचविशीचा गडी, डोली वाहणारा. सकाळी तो तोरणमाळच्या घाटात दरीत पडला आणि दुपारी त्याच्याच सोबत्यांनी त्याला खाली आणला. ते सात जण कुडाला टेकून उकिडवे बसले होते. त्यांच्या नाईकाचं नाव दित्या. त्याच्या मनगटाला दोरी बांधून जमादाराने तिचं दुसरं टोक ओसरीच्या खांबाला अडकवलं होतं.

पंचनाम्याला माझा अहवाल जोडायचा होता. मी त्या रस्त्याचा ओव्हरसियर. इंजिनियर कागदावर जे काढतो ते जमिनीवर उभं करायचं आणि ते पडलं तर समोर उभं राहायचं, हे ओव्हरसियरचं काम. त्या दिवशी मी ‘दारू’ लिहिलं असतं तर दित्याला शहाद्याच्या कोठडीत नेणार होते. नाईकाने प्यालेली माणसं डोलीला लावली आणि त्यातून माणूस मेला, असा गुन्हा झाला असता.

दित्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो कांबळ्याकडे पाहत होता.

हे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीचं. शहाद्या-नंदुरबारकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला तोरणमाळचं कौतुक वेगळं सांगायला नको. खाली पत्र्याला हात लावता येत नाही आणि वर संध्याकाळी घोंगडी लागते. वर तलाव आहे, कडे आहेत, जंगल आहे. पण मोटर जाईल असा रस्ता तेव्हा नव्हता. पाहुणे रेल्वेने नंदुरबारला उतरत, प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून शहाद्याला येत, तिथून म्हसावदमार्गे पायथ्यापर्यंत गाडीने. पुढचा घाट पायी, तट्टावर किंवा डोलीतून.

डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची. चार माणसं खांद्यावर घेतात, चार रिकामी सोबत चालतात. खांदा भरून आला की रिकामा माणूस आत शिरतो आणि भरलेला बाहेर निघतो. सपाटीवर हे चालता चालता होतं. घाटात वाट जेमतेम डोलीपुरती. बाजूने दुसऱ्या माणसाला शिरायला जागाच नसते. तिथे डोली खाली टेकवल्याशिवाय खांदा बदलता येत नाही. म्हणून वाहणाऱ्यांच्या टेकायच्या जागा ठरलेल्या असत. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. त्यांच्या बापांनी ठरवलेल्या होत्या आणि पायांना पाठ होत्या.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं सांगतो आहे. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनियरांच्या डोक्यात तोरणमाळ बसलं होतं. “गद्रे, हे खानदेशचं महाबळेश्वर झालं पाहिजे,” ते मला म्हणायचे. बड्या पाहुण्यांना ते स्वतः पत्रं लिहून बोलवायचे. पाहुण्यांच्या तक्रारी यायच्या. त्यातली मोठी तक्रार अशी की, डोलीवाले मनाला येईल तिथे डोली ठेवतात. झाडोऱ्यात ठेवतात, माश्या घोंघावतात, समोर काही दिसत नाही आणि हे लोक बसून राहतात.

साहेबांनी उपाय काढला. घाटात पाच ओटे बांधायचे. ओटा म्हणजे दगडचुन्याचा कमरेएवढा चौथरा. त्यावर डोली टेकवली की पाहुण्याला न उतरता आरामात बसता येतं. ओटे सारख्या अंतरावर. शक्य तिथे ‘व्ह्यू’ साधायचा. आणि नियम असा की डोली ओट्यावरच ठेवायची, इतर कुठेही नाही. नियम पाळला जातो की नाही हे बघायला प्रत्येक डोलीबरोबर एक पट्टेवाला.

मी घाटात साखळीने अंतर मोजून नकाशावर पाच खुणा केल्या. तिसरी खूण सालईच्या झाडांच्या एका घोळक्यात आली. तिथे वाट जरा रुंद होती, सावली होती आणि दगडांवर टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा होती. पण समोर सगळी झाडंच. तिथून वर चार वळणं चढून गेलं की कडा उघडतो आणि खालचा सगळा खानदेश दिसतो. हवा स्वच्छ असेल तर तापीची रेघसुद्धा. साहेबांनी तिसरी खूण खोडून ती वरच्या कड्यावर नेली.

“इथे पाहुणा टेकला की पाच मिनिटं बोलणार नाही,” ते म्हणाले.

कागदावर फरक बोटभर होता. माझ्या मेजरमेंट बुकात त्या चार वळणांचा चढ एकास चार असा लिहिलेला होता. चार फूट पुढे गेलं की एक फूट वर, सलग. तो आकडा माझ्याच हाताने लिहिलेला. मी साहेबांना तो दाखवला नाही, कारण त्यांनी विचारला नाही.

दित्याने मात्र विचारलं होतं. तो पावरा जमातीचा. घरी पावरीच बोलायचा, पण म्हसावदच्या बाजारात ऊठबस असल्यामुळे आमच्याशी अहिराणीत बोले. ओट्याचा पाया खणत होतो तेव्हा तो येऊन शेजारी उभा राहिला.

“साहेब, हाई जागा खोटी शे.”

“का रे? पक्का खडक आहे खाली.”

“खडक पक्का शे. पन आम्ही खांदा बदलतस खाले, सालईखाले. तठे नही बदला ते ह्या वळनवर पाय थरथरतस.”

“अरे, चारच वळणं तर वर आहे. तुम्ही डोंगरातली माणसं. हे काय तुम्हाला जड आहे?”

“डोंगर जड नही, साहेब. वझं जड शे,” एवढं म्हणून तो खाली गेला.

मला तेव्हा वाटलं, जुनी सवय सुटत नाही म्हणून कुरकुरतो आहे. गवंड्याला मी म्हटलंसुद्धा, “यांना बदल नको असतो.” गवंडी हसला, मीही हसलो.

ओटे झाले. थंडीत पाहुणे येऊ लागले. तिसऱ्या ओट्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला त्याचा अभिमान वाटत होता, तो का लपवू? डोलीवाले त्या ओट्यावर पोचले की जमिनीवर आडवे व्हायचे. पाहुण्यांना ते आळशी वाटायचे. मलाही.

मार्चमध्ये एक निवृत्त वकील आले. मुंबईचे, अंगाने भरदार, स्वभावाने मोकळे. हवापाण्याच्या जागा पाहायचा त्यांना छंद होता. महाबळेश्वर, माथेरान, उटी, सगळं झालेलं. एक वही होती, तिच्यात ते प्रत्येक ठिकाणाबद्दल लिहीत. साहेबांनी मला मुद्दाम सोबत धाडलं होतं. वकिलांनी चार शब्द चांगले लिहिले आणि ते एखाद्या मासिकात आले तर तोरणमाळचं नाव होईल, असा हिशेब.

पायथ्याशी डोलीत बसता बसता ते म्हणाले, “गद्रे, माणसाला जागा आठवत नाही. पहिलं दर्शन आठवतं. माथेरान म्हटलं की मला एक वळणच डोळ्यासमोर येतं.”

“आमच्याकडे तसं वळण आहे, वकीलसाहेब,” मी म्हटलं.

पहिला ओटा झाला, दुसरा झाला. ऊन चढत होतं. सालईच्या घोळक्याशी आलो तेव्हा पुढचे दोघे सवयीने थबकले. पट्टेवाला म्हणाला, “चला, ओटा वर शे.” ते चालू लागले. मी डोलीच्या मागे दहा पावलांवर होतो.

दुसऱ्या वळणावर सेगाने “खांदा” अशी हाक दिली. तो मागच्या उजव्या दांड्याला होता, म्हणजे दरीच्या बाजूला. त्याची मान एका अंगाला वळली होती आणि पोटऱ्या नजरेला दिसतील इतक्या उडत होत्या. दित्या रिकाम्यांत, माझ्या पुढे होता. तो पट्टेवाल्याला म्हणाला, “वाटवर ठी दे डोली. घडीभर.”

पट्टेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. नियम माझ्या खात्याचा होता.

मी म्हटलं, “चला, आलंच.”

हे दोन शब्द मी म्हणालो. दुसऱ्या कोणीही नाही.

चौथ्या वळणावर, ओटा दिसू लागल्यावर, सेगाचा गुडघा वाकला. डोली दरीकडे कलली. त्या क्षणी तो दांडा सोडून बाजूला झाला असता तर तो वाचला असता आणि खुर्ची गेली असती. त्याने दोन्ही हातांनी दांडा डोंगराच्या बाजूला रेटला. डोली डोंगराच्या अंगाला आपटून थांबली. रेटण्याच्या जोराने तो मागे गेला आणि मागे काही नव्हतं. दगड गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वकिलांच्या कोपराला खरचटलं होतं. त्यांना आम्ही हाताला धरून ओट्यावर नेऊन बसवलं. ते आमच्याकडे पाठ करून समोर बघत बसले. त्यांच्यावर माझा राग नाही. माणसाला कुठे तरी बघावंच लागतं.

दरीत उतरायला आडवाटेने दोन तास लागले. सेगाला डोलीत ठेवा असं मी म्हटलं. दित्याने मान हलवली. त्यांनी दोन बांबू तोडले, कांबळं बांधलं आणि त्याला घेऊन वाटेवर आले. उतारावर सालईच्या झाडांखाली आल्यावर त्यांनी त्याला खाली ठेवलं, खांदे बदलले आणि मग पुढे उचललं.

तर, पाटलाची ओसरी. जमादार दौत पुढे सरकवून वाट बघत होता.

“कोणी प्यालं नव्हतं,” मी म्हटलं. “मी सकाळपासून बरोबर आहे.”

“मंग काय लिखू? डोली काय उगी पडनी?”

मी कागद पुढे ओढला. मला चांगलं आठवतं, मी बराच वेळ विचार केला. दित्याला सोडवायचं हे माझं ठरलं होतं. पण ओट्याचं लिहिलं तर साहेबांची जागा चुकली असं होतं, माझं मेजरमेंट बुक मागवलं जातं आणि ‘चला, आलंच’ कोण म्हणालं हेही निघतं. माझी बढती साहेबांच्या टेबलावर होती. मी लिहिलं: ‘डोलीवाहक मद्यप्राशन केलेले नव्हते. कोणाचाही हलगर्जीपणा नाही. चढावर मयताचा पाय घसरून अपघात झाला.’

जमादाराने वाचलं, खांदे उडवले आणि दित्याची दोरी सोडली.

खरं सांगतो, मला त्या संध्याकाळी बरं वाटलं. एका माणसाला वाचवलं असं वाटलं. दित्या मनगट चोळत माझ्याजवळ आला. हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. त्याने विचारलं, “साहेब, ओटा?”

“पावसाळा होऊ दे. पुढच्या हंगामात बघू.”

“मी तुम्हले सांगेल व्हतं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मग तो सेगाच्या घरच्यांकडे गेला. सेगाची बायको तोपर्यंत आली होती. तिला कोणी काय सांगितलं ते मला समजलं नाही, मी पाहत होतो तोवर ती कांबळ्याची एक कड सारखी नीट करत होती.

साहेबांनी अहवाल वाचून म्हटलं, “ठीक आहे. सुटसुटीत लिहिलंय.” माझी बढती झाली. पावसाळ्यानंतर मला अक्कलकुव्याकडे मोऱ्यांच्या कामावर पाठवलं. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधतात ती. दोन-तीनदा साहेबांकडे ओट्याचा विषय काढावा असं मनात आलं. पण विषय काढायला कारण काय सांगणार? माझ्याच अहवालाप्रमाणे ओट्याचा काही संबंध नव्हता.

माघात निरोप आला. तोरणमाळच्या घाटात पुन्हा डोलीवाला पडला. त्याच वळणावर, त्याच दांड्याचा.

नाव विचारलं तर दित्या.

पट्टेवाल्याने मला नंतर सगळं सांगितलं. सेगा गेल्यापासून मागचा उजवा दांडा कोणी घ्यायला तयार नव्हतं. सक्तीने माणसं लावायची वेळ आली. तेव्हा दित्या म्हणाला, दुसऱ्याला नको, मी धरतो. वयाने पन्नाशीला आलेला माणूस. तो सगळा हंगाम त्याने तो दांडा वाहिला आणि त्या दिवशी त्याचाही गुडघा गेला. डोलीतली बाई वाचली. तो दोन दिवस जिवंत होता, बोलत नव्हता.

मी मोरीचं काम टाकून धुळ्याला ऑफिसात गेलो. साहेब दौऱ्यावर होते. क्लार्क सज्जन माणूस होता, माझ्यासाठी चहा मागवला.

“तुम्ही कशाला धावपळ केलीत, गद्रेसाहेब? अहवाल तयार आहे. मागचा नमुना होता ना तुमचा. नाव आणि वार तेवढा बदललाय.”

त्याने कागद पुढे केला. सुवाच्य अक्षर होतं. ‘डोलीवाहक मद्यप्राशन केलेले नव्हते. कोणाचाही हलगर्जीपणा नाही. चढावर मयताचा पाय घसरून अपघात झाला.’ एक मात्राही बदललेली नव्हती. बदलायची गरजच नव्हती. ते वाक्य तिसऱ्या माणसालाही चाललं असतं, चौथ्यालाही.

मला बसवेना. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. क्लार्कला वाटलं प्रवासाने शिणलो. त्या वेळेइतकी शरम मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. माझ्या हाताने बांधलेलं बांधकाम चुकलं याची नाही. ते माणूस मारतं हे कळल्यावर मी त्याच्यावर चांगल्या मराठीचं झाकण घातलं, याची.

तिथेच टेबलाशी बसून मी नवा अहवाल लिहिला. सालईखालची जुनी जागा, तिथून ओट्यापर्यंतचा चढ, वाटेची रुंदी, मध्ये खांदा बदलता येत नाही हे कारण. ओट्याची जागा वर का नेली. नाईकाने पाया खणताना काय सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं. मार्चमध्ये सेगाने हाक दिली तेव्हा डोली थांबवू नका असं कोणी सांगितलं. शेवटी माझी सही, आणि मेजरमेंट बुकाचं ते पान.

साहेब दोन दिवसांनी आले. त्यांनी तो उभ्यानेच वाचला.

“गद्रे, हा पाठवला तर तुमचा मागचा अहवाल खोटा ठरतो.”

“खोटा नव्हता, साहेब. अपुरा होता.”

“वर कोणी तो फरक करणार नाही. यात सगळ्यात आधी तुम्हीच अडकताय.”

“हो.”

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “मी त्या जागेवर उभा राहिलो होतो. चालत चढलोच नव्हतो. तुम्ही मला तो चढ सांगायला हवा होता.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी अहवाल अडवला नाही, हे त्यांच्या नावावर लिहायला हवं. चौकशी झाली. माझी बढती गेली आणि जिल्हाही गेला. साहेबांना ठपका आला. तिसरा ओटा पाडून सालईखाली टेकायची जागा मोकळी ठेवावी, आणि डोली कुठे ठेवायची ते वाहणाऱ्यांनी ठरवावं, असा हुकूम पाऊस लागायच्या आत निघाला. ओटा फोडला त्या दिवशी, बदलीवर निघायच्या आधी, मी तिथे होतो. गवंडी तोच होता. डोलीवाल्यांपैकी कोणी बघायला आलं नाही. त्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नसावं.

पुढे तीस वर्षं मी रस्ते आणि पूल बांधले. हाताखाली पुष्कळ ओव्हरसियर आले. त्यांना मी एक नियम पाठ करून घ्यायला लावी. अपघाताचा अहवाल लिहिताना कारण म्हणून अशीच गोष्ट लिहायची, जी दुरुस्त करता येते. पाय दुरुस्त करता येत नाही, म्हणून ‘पाय घसरला’ हे कारण नाही. चढ मोजता येतो, ओटा हलवता येतो, हुकूम बदलता येतो. एखादं कारण लिहून झाल्यावर कोणाला काहीच करावं लागत नसेल, तर कागद फाडायचा आणि पुन्हा लिहायला बसायचं.

पोरं विचारायची, साहेब, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणायचो, अनुभवाने कळतं. माझ्या पहिल्या अहवालात चार ओळी कमी होत्या आणि त्या चार ओळींसाठी दित्या गेला, हे मी त्यांच्यापैकी एकालाही सांगितलं नाही.